एका किकची शिक्षा

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी हाय. सीटवर कावळा बसलाय म्हणून हसू नका, दुसरं कुणी बसतच न्हाई. पोलीस ठाण्यामागं लिंबाला साखळीनं बांधलीय मला. पुढं झाड, मागं भिंत.

जन्म कारखान्यातला, पण खरं आयुष्य गहिनीनाथच्या दारात गेलं. दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या लावून रोज नगरला पळायची. लई लाड! पोळ्याला बैलांच्या शेजारी मलाबी झेंडूची माळ. खोडकरबी तशीच. परक्यानं किक मारली की उलटा दणका देऊन नडगी सोलायची. माझी खोड दोघांनाच ठाऊक: गहिनीनाथला आन त्याच्या बायकोला, सविताला. ती मळ्यात गुपचूप शिकलेली.

शहाण्णव साली गहिनीनाथ तापानं फणफणला. दूध नासंल म्हणून सविता निघाली. वेशीच्या वळणावर मला जोरात घातली, आन म्हातारे सहादेवबाबा खाली आले. पायाचं हाड मोडलं.

तिच्याकडं लायसन न्हाई. आमच्याकडची रीत अशी, की लायसनवाल्यानं अंगावर घ्यायचं. गहिनीनाथ तापातच ठाण्यात जाऊन "मीच चालवत हुतो" म्हणाला. त्याला आत बसवलं, मला बाहेर बांधलं. मागोमाग सविता आली.

"हवालदारसाहेब, यांना सोडा. गाडी मी चालवत हुते."

हवालदार मच्छिंद्र चहा पिता पिता हसला. "वैनी, नवऱ्यावर माया हाय, कळलं. पन सायकल तरी येती का?"

"सविता, घरी जा!" आतून गहिनीनाथ ओरडला.

"तुमी गप बसा. तापात खोटं बरं सुचतं!"

"ऐका वैनी," हवालदार म्हणाला, "बेफाम चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत. हाड मोडलं तर दोन वर्षांपर्यंत. लायसन न्हाई त्याची वर तीन महिन्यांपर्यंत. यांची कबुली झालीय, गाडीबी परवा सुटंल. तुमचं खरं धरलं तर सगळं नव्यानं, आन गाडी खटला संपंस्तोवर हितंच. कशाला हौस?"

"हौस न्हाई. चूक माझी हाय, ती यांनी का भोगायची?"

"मग करा चालू. सकाळी मी किक मारली तर हिनं माझी नडगी सोललीय."

साखळी निघाली. मित्रांनो, माझी काय गत झाली म्हणून सांगू! नुसती गप राहिले असते तर परवा घरी. आन चालू झाले तर हितंच सडायचं. सवितानं चोक ओढला, मला जराशी डावीकडं कलती केली.

एका किकमध्ये उठले मी!

लिंबाला तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला मुद्दाम हवालदाराच्या अंगाला घसटून गेले, चहा सगळा सदऱ्यावर.

"अगं बया, पटलं! उतरा आता!"

गहिनीनाथ सुटला. सवितावर खटला उभा राहिला, आन मी पुरावा झाले. तीन वर्षं झाली. माणसाच्या शिक्षेला कायद्यानं आकडा लिहिलाय, माझ्या शिक्षेला न्हाई. टायर बसले, टाकीत मुंग्यांनी घर केलं. सवितानं लायसन काढलंय, पण तिच्या हाताखाली पळायला मी मोकळी न्हाई.

म्हणून सांगते, किक मारायच्या आधी लायसन काढा, आन वळणावर दम धरा. तुमी चुकलात तर आमीबी आत जातो. कधी ठाण्यामागून गेलात, तर माझ्या हँडलावर चढलेला वेल तेवढा उपटा. कोर्टाच्या तारखेला सविता मला बघून जाती, तवा तिला मी ओळखू आले पाहिजे.