घाटाकडे पाठ

अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि अकोटाकडच्या भरलेल्या बैलबंड्या पूर्णेच्या डोहाकाठी रांगा लावू लागल्या. डोह पाऊण कोस लांब होता. पौषापर्यंत तिथे उतार मिळत नसे, म्हणून कापूस अकोल्याला न्यायचा तर नावेवाचून सोय नव्हती. काठावर दोन घाट होते; एक सूर्यभान भोयाचा, दुसरा केशव भोयाचा. हंगामाचे काम कोणी करायचे, हे कार्तिकातली शर्यत ठरवी. नावेत कापसाचे एक गाठोडे आणि दोन माणसे घेऊन, वल्ह्याला हात न लावता, पूर्वेच्या वाऱ्याला सामोरे जात वरच्या टोकाचा पिंपळ गाठायचा; शर्यतीपुरता तोच घाट. हरणाऱ्याने वर्षभर जिंकणाऱ्याच्या नावेवर राबायचे, आणि लागोपाठ तिसऱ्यांदा हरला तर घाट कायमचा सोडायचा.

सूर्यभान दोनदा हरला होता.

दोन डोंगे बाजूबाजूला बांधून वर फळ्या ठोकलेली त्याची जोडनाव बापाच्या वेळची होती. केशवाची नवी, सागवानी आणि हलकी. नवी नाव बांधणे सूर्यभानाच्या आवाक्यात नव्हते, तेव्हा शीड तरी दुरुस्त करावे म्हणून तो ते खांद्यावर टाकून अकोल्याला गेला. तिथे तंबू शिवणाऱ्या अय्युबने ते कडुनिंबाला टांगले आणि बराच वेळ वाऱ्यात फुगताना पाहिले.

"भाऊ, हे शीड हाय का मोट?" तो म्हणाला. "वारा मांगून आला तर मोट भरंल, नाव पळंल. समोरून आला तर भरली मोट ओढत बसान."

त्याने शिवण उसवली, मधला झोळ काढला आणि कडेने दोर घालून कापड ताठ, सपाट केले. पण परत येऊन ते डोलकाठीला चढवल्यावरही नाव पुढे जाण्याऐवजी आडवीच सरकू लागली. शीड फडफडे आणि नाव जागच्या जागी धापा टाकी.

शिडाचा दोर धरून बसलेली त्याची बायको मैनाबाई तीन दिवस हे पाहत होती. चौथ्या दिवशी तिने विचारले, "काहून पिंपळाकडंच नाक धरून राह्यले तुमी?"

सूर्यभानाला प्रश्नच कळला नाही. नावेचे नाक समोरच्या घाटावरून हलू द्यायचे नाही, हे बापाने त्याला वल्हे हाती देण्याआधी शिकवले होते. धारेतून पैलतीर गाठणाऱ्या भोयाची सारी विद्या त्या एका वाक्यात होती.

"भरल्या बंडीले चढावर सरळ नेता काय?" मैनाबाई म्हणाली. "आडवी-तिडवीच नेता ना?"

त्याने नाक थोडे बाजूला सोडले. शीड गपकन भरले, आणि दोन्ही डोंग्यांखालचे पाणी बोलू लागले. वाट लांबली, पण वेग इतका वाढला की लांबलेली वाटही लवकर सरली. पुढच्या आठ दिवसांत आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नाव वळवायची ती वेग असतानाच. रेंगाळली की ती वाऱ्याच्या तोंडावर अडकून मागे येते. आणि मागची टोके पाण्यात रुततात, म्हणून वजन पुढे हवे. गाठोडे त्याने डोलकाठीच्या पुढे बांधले.

शर्यतीच्या दिवशी काठावर बंडीवाल्यांची गर्दी होती. बायकोच्या हाती दोर दिला म्हणून कोणी हसले. नाव शेताची मेर मोजत निघाली, असे दुसरा म्हणाला. केशव पिंपळावर नाक रोखून सरळ निघाला होता आणि अर्ध्या डोहापर्यंत तोच पुढे दिसत होता. मग त्याचे शीड फडफडू लागले. सूर्यभान तिरकस येऊन त्याच्या पुढून गेला.

पिंपळ शंभर हातांवर आला. तिथे बापाने शिकवलेला हात जागा झाला आणि सुकाणू आपोआप घाटाकडे वळले. शीड थरथरले. नाव मंदावली आणि केशव पुन्हा जवळ आला.

"अवो," मैनाबाई हळूच म्हणाली, "नाक सोडा."

एवढा जवळ आलेला घाट पाठीशी घेणे त्याला जड गेले. त्याने सुकाणू लोटले. आता नाव पिंपळाला डावलून पैलतीराकडे निघाली, आणि काठावरच्यांना वाटले, सूर्यभानाने हाय खाल्ली. शीड भरेपर्यंत त्याने सुकाणू तसेच दाबून धरले. वेग आला तसा त्याने एका दमात नाव वळवली. पिंपळाच्या मुळाला तिचे टोक लागले, तेव्हा केशव वीस हात मागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशव आपले वल्हे घेऊन आला. रिवाजाप्रमाणे गड्याची जागा मागे असते. सूर्यभान स्वतः दोन वर्षे केशवाच्या नावेत तिथेच बसला होता. केशव निमूटपणे तिथे जाऊन बसला.

सूर्यभानाने त्याच्याकडे पाहिले. पुढच्या कार्तिकात याच माणसाशी गाठ होती.

"तिथं नको, समोर बस," तो म्हणाला. "मांगची टोकं पाण्यात रुततात."

केशव उठला. त्याची नजर डोलकाठीपुढच्या गाठोड्याच्या दोरांवर गेली आणि तिथेच थोडा वेळ राहिली. मग तो पुढे जाऊन बसला, आणि पहिली बंडी नावेवर चढली.