अर्धी जोडी

यशवंताचा जुना ट्रक दुरुस्तीला कृष्णाकडे गेला, ही बातमी उमाजी मेस्त्रीला रामनगरच्या नाक्यावर चहा पिताना कळली आणि तोंडातला चहा त्याला कडूजहर लागला.

ट्रक लांब नाकाचा, जंगलातली लाकडं ओढून ओढून म्हातारा झालेला. यशवंताच्या वडिलांनी ट्रकच्या कपाळावर आपल्या आईचं नाव रंगवून घेतलं होतं, म्हणून सारा तालुका त्याला अनुसयाच म्हणायचा. कुळगीच्या जंगलात येणारे पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत, आणि जत्रांना नाटकाचं सामान अजूनही तीच वाहायची. तिचा एकेक नटबोल्ट उमाजीच्या हाताखालून गेलेला. त्याची बायको शांती तर तिला सवतच म्हणायची. आणि ही अनुसया चढणीवर डिफरन्शियल मोडून बसली, तर यशवंतानं तिला ओढून नेलं कुठं? जोयड्याला, कृष्णाच्या दारात!

कृष्णा हा उमाजीचाच चेला. उमाजीला मामा म्हणत, त्याच्या शिव्या खात मेस्त्री झालेला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज, रंगवलेला बोर्ड, गाडी वर उचलणारी मशीन. बोर्ड लागला तेव्हा उमाजी जळला, मशीन आली तेव्हा दुप्पट जळला. पण ते सगळं त्यानं कसंबसं गिळलं होतं. अनुसया काही गिळवेना.

दुसऱ्या दिवशी यशवंत स्वतःच उमाजीच्या गॅरेजात आला.

"काका, क्राऊनचे दात झडल्यात. कृष्णा म्हनाला, तुमच्याकडं जोडी असंल."

"मग गाडी माझ्याकडं का न्हाई आनलास?"

"तिथं गाडी वर उचलता येतीय न्हवं. तुमाला ह्या वयात खाली घुसायचा तरास कशाला?"

तरास! उमाजीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. इतकी वर्षं त्या ट्रकच्या पोटाखाली लोळलो, तेव्हा कुठं होती ह्याची माया?

ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये जो लोखंडी गोळा असतो, तेच डिफरन्शियल, त्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. परातीएवढं क्राऊन आणि त्याला फिरवणारं मुठीएवढं पिनियन. कारखान्यातच ती एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. बदलायची तर दोन्ही बदलायची, हे कृष्णाला शिकवलं उमाजीनंच. अशी एक न वापरलेली जोडी ग्रीस माखून, गोणपाटात गुंडाळून त्यानं खाटेखाली ठेवली होती. ठेवली होती ती अनुसयेसाठीच.

तो आत गेला, गोणपाट सोडलं, आणि एकटं क्राऊन उचलून बाहेर आला.

"हे एवढंच हाय. पिनियन न्हाई. कवाच भंगारात गेलं."

त्याचा हिशोब सरळ होता. नुसत्या क्राऊनवर काम अडणार, कृष्णा हात टेकणार, अनुसया परत रामनगरला येणार. मग पिनियन अचानक सापडेल.

पण जत्रा तोंडावर आली होती आणि यशवंताला दम नव्हता. कृष्णानं बेळगावपर्यंत माणसं विचारली, पिनियन कुठं मिळालं नाही. मामांनी न्हाई म्हटलं म्हणजे न्हाईच, असं म्हणून त्यानं उमाजीच्या खाटेखाली असेल का अशी शंकासुद्धा घेतली नाही. शेवटी त्यानं नव्या क्राऊनला जुनंच पिनियन लावलं.

अनुसया रामनगरातून गेली तेव्हा नाक्यावरची माणसं चहाचे कप हातात धरून रस्त्याकडे बघत राहिली. मागून सारखा हूंऽऽ हूंऽऽ असा रडका आवाज.

"काय ओ मामा, अनुसया ओरडालीया की! कृष्णाचा हात बसला न्हाई म्हनायचा."

उमाजीला आतून गुदगुल्या झाल्या. त्यानं सगळ्यांना आपल्या पैशानं चहा पाजला, आणि कृष्णाची कीव आल्यासारखं तोंड करून म्हणाला, "शिकंल हळूहळू."

त्या वर्षीच्या साऱ्या जत्रा अनुसया अशी रडतच हिंडली. आवाज हळूहळू जाड झाला, मग त्यात खरखर आली. उमाजीला ती खरखर झोपेतसुद्धा ओळखता आली असती. दात खाल्ले जातायत, हे त्याला कळत होतं. पण प्रत्येक फेरीला कृष्णाचं नाक थोडं थोडं कापलं जातंय, हेही कळत होतं, आणि ते जास्त गोड लागत होतं.

"झाडताना रोज पायाला लागतंय खाटेखालचं त्ये," शांती एकदा म्हणाली. "दिऊन टाका की त्या पोराला. कुनाचं काय वाटोळं केलंय त्यानं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला.

मग एका सकाळी यशवंत सहज बोलल्यासारखं बोलून गेला. "अनुसयेला काढून टाकावी म्हन्तो काका. भंगारवाल्याशी बोललोय. कृष्णा एकदा शेवटचं बघतो म्हनालाय, म्हनून आज तिकडं नेतोय."

एवढं उमाजीला नको होतं. कृष्णाची फजिती व्हावी, अनुसया आपल्याकडे यावी, एवढंच तर हवं होतं! त्यानं खाटेखालचं पिनियन काढलं, मारुतीच्या देवळातून शेंदराची पुडी घेतली आणि जोयड्याची बस पकडली.

कृष्णानं गाडी मशीनवर उचलून ठेवली होती. यशवंतही तिथंच होता.

"सापडलं," एवढंच उमाजी म्हणाला.

कृष्णानं पिनियनवरचं ग्रीस फडक्यानं पुसलं, उजेडात धरलं. त्याचा अंगठा कोरलेल्या नंबरावर थांबला. मग त्यानं गोळ्यातल्या क्राऊनवरचा नंबर बघितला. तोच. उमाजी जमिनीकडे बघत राहिला.

दोघांनी मिळून पिनियन बसवलं. उमाजीनं शेंदूर तेलात कालवला, क्राऊनच्या दातांना लावला. ही त्याची जुनी रीत. चाक हातानं फिरवायचं. शेंदूर दाताच्या मधोमध पुसला गेला की जोडी जमली. कृष्णानं चाक फिरवलं. शेंदूर पुसला गेला तो दाताच्या काठाला. पातळ पत्र्या घालून पिनियन पुढं घेतलं, मागं घेतलं, पुन्हा शेंदूर लावला. पुन्हा काठालाच.

उमाजीनं दातावरून बोट फिरवलं आणि त्याला सगळं उमगलं. परक्या पिनियनवर फिरून फिरून क्राऊन त्याच्यासारखंच झिजलं होतं. आता आपल्या जन्माच्या जोडीदाराला ते घेत नव्हतं. खाटेखाली इतकी वर्षं जपलेली जोडी त्यानं स्वतः मोडली होती.

"काय झालं?" यशवंतानं विचारलं.

कृष्णाच बोलला. "माझं चुकलं यशवंतदा. जुन्या पिनियनवर मी चालवाय द्याय नको हुती. मामांचा काय दोष न्हाई ह्यात."

उमाजीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यावर ना राग, ना कुत्सितपणा. सुटलो म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण पोटात पुन्हा तीच आग भडकली. बोर्ड ह्याचा, मशीन ह्याची, अनुसया ह्याची. आता मोठं मनही ह्याचंच?

"ह्याची कशी चूक?" तो ओरडलाच. "माझी हाय! पिनियन माझ्या खाटेखाली हुतं. पहिल्या दिवसापास्नं हुतं. मीच दिलं न्हाई!"

कृष्णानं मान फिरवली. यशवंत उमाजीकडे पाठ करून कृष्णाजवळ गेला.

"कृष्णा," तो म्हणाला, "भंगारवाल्याला हिथंच यायला सांगतो. ती जायच्या आधी तिच्या कपाळावरचं नाव तेवढं तू तुझ्या हातानं पुस."