दाजी ओ देत नाहीत

तक्रार जेमतेम तीन ओळींची होती. नऊ मजली इमारतीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या आजींनी लिहिलं होतं की लिफ्टचा मिस्त्री महिन्यातून एकदा एकटाच येतो आणि तिथे नसलेल्या कुणाशी तरी कडाकडा भांडतो. शिवाय तासाभराच्या कामाला तीन तास लावतो. त्याला आवरा.

कंपनीने हे प्रकरण भिंगबाईंकडे दिलं. भिंगबाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. तक्रार विभागात अठरा वर्षं काढल्यावर सहकाऱ्यांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव, आणि आपल्या गावीच नाही असं दाखवत असल्या तरी बाईंना ते मनातून आवडायचं. कुणी दहा मिनिटं उशिरा आला आणि त्याने कारण सांगितलं, की बाईंना आधी त्यातला खोटेपणा दिसायचा, मग माणूस.

मिस्त्रीबद्दल त्यांनी घरूनच संशय घेऊन ठेवले होते. एक तर तो पितो. नाहीतर परस्पर कुणाला तरी कामावर आणून लपवतो. आणि त्यांचा सगळ्यांत लाडका संशय असा, की यातलं काहीच नाही, वेळ काढायला नाटक करतो. कुठलाही खरा निघाला तरी मिस्त्रीची नोकरी जाणार होती. पत्र आदल्या दिवशीच टाईप झालं होतं, फक्त कारणाची जागा कोरी होती.

सकाळी अकराला बाई इमारतीत शिरल्या. एक नंबरच्या लिफ्टवर ‘काम चालू’ची पाटी लटकत होती. मिस्त्री पाठमोरा बसून पिशवीतली हत्यारं काढत होता. बाई मांजरीच्या पावलांनी मागून गेल्या आणि दोन नंबरचं बटण दाबलं. लिफ्ट ढिम्म हलेना. म्हणजे पाटी एकीला आणि बंद दोन्ही! बाईंनी हेही मनात टिपून घेतलं आणि जिन्याला लागल्या.

“चढा ना साहेब, तुम्हीच चढा एकदा!” पाचव्या मजल्यापर्यंत ऑफिसातल्या साहेबांवर बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. “खुर्चीत बसून ‘जाऊन बघा’ म्हणायला काय जातंय? गुडघे माझे गेलेत, तुमचे नाही!” कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरणारा एक धोबी भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. काय विचित्र माणसं असतात, असं बाईंना वाटलं.

नवव्या मजल्याच्या वर मोटारींची खोली होती. आत दोन मोटारी, भिंतीवर त्यांच्या मेन स्विचचे दोन लाल दांडे. एक वर, एक खाली पाडलेला. कुणी नव्हतं. पण खिळ्याला खाकी शर्ट होता, मिस्त्रीच्या दुप्पट मापाचा, धुतलेला, घडी मोडलेली नाही. आणि स्टुलं दोन. बाईंचा जीव हरखला. दुसरा माणूस आहे तर! त्यांनी मोटारींच्या मागे वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं. धूळ होती फक्त.

तेवढ्यात जमिनीतल्या भोकांतून, जिथून लिफ्टचे दोर खाली उतरतात तिथून, आवाज आला.

“दाजी! मेन बंद का?”

बाईंनी दचकून भोकाकडे पाहिलं.

“दाजी, झोपलात काय? कान आहेत की भोकं? तीन वर्षं झाली, एकदा ओ द्यायला तोंड दुखतं तुमचं?”

बाईंनी पुन्हा एकदा चारी कोपरे पाहिले. मग त्यांच्या डोक्यात आलं, की नाटक करणाऱ्याला समोरून संवाद मिळाला तर त्याची काय तारांबळ उडेल! दांडा पाडलेला तर त्यांना दिसतच होता, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि होईल तेवढा जाड आवाज काढून भोकात तोंड घालून म्हटलं, “बंद!”

खालून काहीच आलं नाही. शिवी नाही, हसू नाही.

आणि बाईंच्या कानाशी एक मोटार घुमायला लागली. दोर सरकले. कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं. बाई पाडलेल्या दांड्याकडे धावल्या. त्याच्यावर तेलकट डागाखाली आकडा होता तो दोन. चालू होती ती एक नंबरची मोटार.

त्या किंचाळल्या आणि दुसऱ्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्या. मोटार थांबली.

“मिस्त्री!” भोकाशी गुडघे टेकून त्या ओरडल्या. “अहो मिस्त्री! ओ द्या हो! रागवा, शिव्या द्या, पण ओ द्या!”

ओ आली नाही. लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस उतरला असेल तर काय होतं ते त्यांना अठरा वर्षांच्या फायलींमधून चांगलं ठाऊक होतं. बाई तशाच फरशीवर बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने दार ढकललं गेलं. मिस्त्री दारात उभा होता, घामाने निथळत, भुतासारखा पांढरा. त्याने आधी खिळ्यावरच्या शर्टाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“तुम्ही बोललात?”

“हो.” बाईंना रडू फुटलं. “तुम्ही खाली उतरला नाहीत?”

“दाजींनी ओ दिल्यावर उतरतोय कसला! तसाच पळत सुटलो वर.” तो स्टुलावर बसला आणि त्याची नजर दांड्यांवर गेली. “मी दोन नंबर पाडला होता?”

“हो.”

त्याने बाहीने तोंडावरचा घाम पुसला. “दाजी म्हणजे माझ्या ताईचे मालक. काम त्यांनीच शिकवलं. एकानं वर थांबायचं, एकानं खाली. वरच्यानं ओ दिल्याशिवाय खड्ड्यात पाय टाकायचा नाही. तीन वर्षांपूर्वी तापात गेले. ऑफिसनं दुसरा माणूस काही दिला नाही.”

“मग हाक कशाला मारता?”

“दाजी ओ देत नाहीत. मग मला वर येऊन बघावं लागतं. अशी चूक आधी दोनदा झाली, दोन्ही वेळा वर आल्यावरच सापडली.”

“आणि भांडता ते?”

“राग येतो हो! जिवंतपणी त्यांच्यापुढे मान वर करून बोललो नाही कधी. आता म्हणतो, असं टाकून जातात का?”

दुसरा माणूस. बाईंना त्यासाठी मिस्त्रीने केलेले तीन अर्ज आठवले, वेड्यावाकड्या अक्षरातले. ‘गप्पांना सोबत हवी असावी. अनावश्यक.’ हा शेरा त्यांचाच, सहीसुद्धा त्यांचीच. त्यांना शरमेने वर बघवेना.

मिस्त्रीने दोन नंबरचा दांडा वर केला, एक नंबरचा खाली ओढून पाहिला. जाताना दारात थांबला.

“बाई, रागावू नका. पण पुन्हा ओ देऊ नका.”

तो गेला. बाई त्याच्या स्टुलावर बसल्या आणि पाडलेल्या दांड्यावर हात ठेवला. आकडा बोटाने पुसून वाचला. एक. पुन्हा वाचला.

“दाजी! मेन बंद का?”

बंद होता. शंभर टक्के बंद होता. उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तोंड घट्ट दाबलं.

“नाही ना द्यायची ओ? नका देऊ!” खालून आवाज आला, आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली. पहिला मजला. बाई मोजू लागल्या.