बारा टॅब, एकच ओळख

प्रयोगशाळेच्या काउंटरवरच्या ताईने फोन माझ्या हातात कोंबला. "तूच बोल बाई, तुझ्या प्रोग्रामचं आहे." पलीकडे एक शिंपीणबाई होत्या. त्यांच्या मोबाइलवर एकाच नंबरचे दोन रिपोर्ट आले होते. एकात रक्ताच्या कर्करोगाची शंका, दुसऱ्यात सगळं नॉर्मल.

"यातलं खरं कुठलं हो? तीन दिवस मशीनला हात लावला नाही मी."

मला रडूसुद्धा येईना, इतकी मी दमले होते. सहा महिने हेच चाललं होतं. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं पडायचं.

आमची तपासणी शिबिरं भरतात तिथे नेट नसतं. म्हणून रक्ताच्या बाटलीवरचा नंबर टॅबच बनवतो. पहिल्यांदा चालू होताना तो स्वतःची ओळख म्हणून मनानेच एक लांबलचक आकडा काढून साठवतो आणि पुढे दर वेळी त्याला त्या क्षणाची वेळ जोडतो. दोन टॅबचे आकडे काही जुळायचे नाहीत, या भरवशावर मी निवांत होते. पण टॅब लावून देणारे आमचे उरकराव! त्यांनी एक टॅब नीट लावला आणि बाकीच्या अकरांवर तोच जसाच्या तसा उतरवला, आकड्यासकट. शिबिरात दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं आणि दोन बाटल्यांवर एकच नंबर चिकटला.

उरकरावांना चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण माझेही हात काही स्वच्छ नव्हते. शिबिरानंतर टॅबवरून नोंदी पाठवताना नेट अडखळलं की तीच नोंद दोनदा येते, म्हणून नंबर तोच दिसला तर जुनं नाव पुसून नवं ठेवायचं, हे मीच लिहिलं होतं. पुसलेलं नाव टॅबमध्ये सापडलं. एक निवृत्त मास्तर. त्यांना रिपोर्ट गेलाच नव्हता.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बाईंचं रक्त परत घेऊ. मास्तरांची काही तक्रार आहे का? नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ आपली आहे साहेब, जीव त्यांचा."

जुन्या बाटल्या केव्हाच टाकून दिल्या होत्या. शिंपीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या आणि दुपारी रिपोर्ट तयार झाला. सगळं नॉर्मल. फोनवर त्या हुंदके देऊन रडल्या आणि मला मनापासून आनंद झाला. तो जेमतेम मिनिटभर टिकला. कर्करोगाच्या शंकेचा रिपोर्ट कोणाचा, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

मास्तरांना फोन मीच लावला. साहेब खिडकीकडे तोंड करून बसले. रक्त द्यायला परत यावं लागेल, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

"परत कशाला?" मास्तर खुशीत होते. "रिपोर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी घरात सांगून टाकलंय. अहो, काही निघालं असतं तर तुम्ही कळवलं नसतं का?"