उजवीकडची खिडकी

बाहुल्याच्या तोंडातून धूर आला. आधी नुसती एक बारीक रेघ, मग ओठांच्या गोल भोकाशी ती जरा अडखळली, फुटली, आणि खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्याने परत त्याच्याच लाकडी मिशांवर ढकलली गेली... शरदिनीने खिडकी लोटून घेतली. वीतभर उंचीचा लाकडी म्हातारा, हिरवा कोट, काळी टोपी, हातात पाइप. कमरेपासून उचलला की आत धूप ठेवायला जागा. म्युनिकला असलेल्या लेकीने, देवश्रीने, गेल्या साली तिथल्या नाताळच्या बाजारातून घेऊन पाठवला होता. सोबतचा धूप केव्हाच संपला. त्याला देवदाराचा वास होता, निदान देवश्रीने फोनवर तसं सांगितलं होतं. आता चौकातला धूप आणायचा, त्याचा तुकडा कापायचा आणि म्हाताऱ्याच्या पोटात ठेवायचा. तिचे यजमान, ढुंढिराज, त्याला चिलमबाज म्हणत. देवांच्या खोलीत त्याला मज्जाव होता. पुडा एकच, धूप एकच, पण इकडचा देवांचा आणि तिकडचा चिलमबाजाचा.

देवांच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता. स्तोत्र होतं. प्रत्येक ओळीच्या मध्याला आवाज थांबायचा, पुस्तकात बोट ठेवून पुढचा शब्द शोधायचा, सापडला की मोठ्याने म्हणायचा. महिन्यापूर्वी या घरात स्तोत्र नव्हतं. संध्येतली चोवीस नावं ज्यांना सलग येत नव्हती, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात जन्म काढला आणि रविवारी देवाला फूल वाहतानाही ज्यांचा डोळा घड्याळावर... असो. सकाळी सकाळी नको. पण सकाळीच यायचं ते. दात घासताना, दूध तापताना, रोज त्याच जागी ते तिची वाट बघत बसलेलं असायचं.

खालच्या मजल्यावरची नंदा आली. मंगला गौरीच्या दर्शनाहून येताना ती आता रोज वर यायची, ढुंढिराजांच्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावायची आणि शरदिनीला प्रसादाचा बत्तासा द्यायची. काकू, केवढं भाग्य तुमचं, असं रोज म्हणायची. आज त्यात थोडी भर होती.

“काकू, आता तुम्ही पण घेऊनच टाका ना. दोघांचा संकल्प झाला म्हणजे कसं, बरोबर राहतं.”

शरदिनीने बत्तासा तोंडात टाकला.

क्षेत्रसंन्यास. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. इकडे वरुणा, तिकडे अस्सी, समोर गंगा, आणि गंगेपलीकडची रोज डोळ्यांसमोर असणारी वाळू, तीही वर्ज्य. इथेच राहायचं, इथेच मरायचं, म्हणजे मोक्ष नक्की. कार्तिकी पौर्णिमेला पहाटे ढुंढिराज पंचगंगा घाटावर स्नानाला म्हणून गेले आणि परत आले ते ओल्या धोतराने, मागे विश्वेश्वर गुरुजी, त्यांच्या मागे नंदा आणि गल्लीतली आणखी चार माणसं. ती दारात उभी होती. कोणीतरी तिला सांगितलं, संकल्प झाला. सगळ्यांसमोर काय बोलणार? चहा टाकला. सगळे गेल्यावर विचारलं, मला विचारावंसंही वाटलं नाही? ते टॉवेलने पाय पुसत होते. म्हणाले, संकल्प विचारून करत नसतात.

कपाटात, साड्यांखाली, दोन पासपोर्ट होते. दोन्हींवर व्हिसा होता.

आणि हे ठरवलं कोणी होतं? मी? मी नुसतं शिकवत होते. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर तपकिरी खडूने आल्प्सची कमान काढली, बच्चियों, यह यूरोप की छत है म्हटलं, आणि तास संपल्यावर ओल्या फडक्याने पुसून टाकली. मला जायचंय असं मी कधी म्हटलं नाही. म्हणायची सोयच नव्हती. रेल्वेचे पास असून आमची धाव नागपूरपर्यंत, नणंदेकडे. पुढच्या वर्षी बघू. काश्मीर पुढच्या वर्षी, रामेश्वर पुढच्या वर्षी. मग देवश्रीने बोलावलं, जावयाने, निनादने, युरोपातल्या गाड्यांचं जाडजूड वेळापत्रक पाठवलं, आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं.

ते महिने. होळीपासून नवरात्रापर्यंत. रोज रात्रीचं जेवण झालं की ढुंढिराज चष्मा लावून वेळापत्रक उघडायचे आणि ती शाळेचा जुना नकाशा पसरायची. ते गाडी सांगायचे, ती बोट फिरवायची. आधी म्युनिकचा बाजार, मग न्यूर्नबर्गचा, तिथे आल्याची बिस्किटं. मग इन्सब्रुक, तिथून चढण, ब्रेनरची खिंड, आणि पलीकडे उतरून बोल्झानो, तिथेही बाजार, पण इटलीतला. ते विचारायचे, इथे चढाव केवढा असेल गं? ती सांगायची. ते मान डोलवायचे. तिने सांगितलेलं ऐकून त्यांनी मान डोलवल्याचं तिला त्याआधी आठवत नव्हतं. कधी वीज जायची, मग कंदिलाच्या उजेडात दोघांची डोकी एकाच पानावर... लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर तिला वाटलं होतं की हा माणूस आपल्याला आवडतो. हेच तर जिव्हारी लागलं होतं. नेलं नाही याची तिला सवय होती. पण आधी हात धरून दारापर्यंत आणायचं आणि मग स्वतःच उंबऱ्यावर आडवं पडायचं, आणि वर लोकांनी त्या आडव्या पडलेल्या माणसाच्या पाया पडायचं!

“तू जा ना. कोण रोकतंय तुला?” संकल्पानंतर दोन दिवसांनी ते म्हणाले होते. अगदी शांतपणे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी स्वतःला बांधून घेतलं आणि तिला मोकळं सोडलं. पण ती तिकडे एखाद्या बाजारात भाजलेले बदाम खात उभी असताना इकडे त्यांचं काही बरंवाईट झालं तर? सदुसष्ट वय, रक्तदाब. नंदा काय म्हणेल ते तिला शब्दासकट ऐकू येत होतं. तोंडात पाणी घालायला बायको नव्हती हो. संकल्प त्यांचा होता, पण गाठ तिच्या पदराला होती.

आणि आज सांगायचं होतं. देवश्रीने निक्षून सांगितलं होतं, आज संध्याकाळी फोन करीन, हो किंवा नाही. निनादला पुढची तिकिटं काढायची होती. आठ दिवसांवर विमान आलं होतं.

दुपारी ती ढुंढिराजांचा कोट परत करायला निघाली. दर थंडीत तिबेटी लोक मैदानात स्वेटरांची दुकानं मांडत, तिथून मागच्या थंडीच्या शेवटी घेतलेला, जाड, करडा, आत लोकर. त्यांच्यासाठीच घेतला होता. तिला शाल होती. तुझी शाल आहे ना चांगली, आणि वाटलं तर तिकडे देवश्री घेईल, असं तेव्हा ते म्हणाले होते, आणि तिलाही ते तेव्हा बरोबरच वाटलं होतं. आता कोट पिशवीत घालून गल्लीतून चालताना ती शाल तिला खांद्यावर जड झाली. मोठ्या रस्त्यावर रिक्षा केली. रिक्षावाला जुन्या माहितीतला. त्याने, माताजी, बाबूजी तो अब बड़े महात्मा हो गए, असं आदराने म्हटलं. इथवर पोचलं होतं.

दुकानातल्या बाईने कोट उलटसुलट पाहिला.

“छोटा हुआ?”

“नहीं. बाबूजी नहीं जा रहे.”

“और आप?”

किती साधं विचारलं. महिनाभरात हे कोणी विचारलं नव्हतं. काकूंचं भाग्य, काकूंचा संकल्प, काकूंना एकटीला कसं झेपेल... आणि आप, असं कोणीच नाही. शरदिनी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली. बाईलाही उत्तराची घाई नव्हती. पैसे परत होत नाहीत, बदलून घ्या, म्हणाली, आणि दोरीवरचा एक काढला. बायकी, गर्द जांभळा, मोठ्या बटणांचा. शरदिनीने शाल काढून हातावर घेतली आणि कोट अंगात घातला. बाईने मागून कॉलर सारखी केली. गावाला डोंगर आहे का तुमच्या, असं शरदिनीने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. बाई म्हणाली, होता. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कोट काढून पिशवीत ठेवायला हवा होता. ऊन होतं, पाठीला घाम येत होता, रस्त्यातली माणसं बघत होती. तिने तो काढला नाही. पैसे परत देत नाही म्हणून घेतला, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं, कोणी विचारलंच तर.

कोणी विचारलं नाही. घरी ढुंढिराज खिडकीपाशी उन्हात बसले होते, मांडीवर पुस्तक, हातात भिंग. तिला वाटलं स्तोत्र असेल. जवळ जाऊन बघते तर वेळापत्रक! पानांत कागदाचे चिटोरे, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, काही अगदी ताज्या. त्यांनी वर न बघताच बोलायला सुरुवात केली. चेहरा उजळलेला.

“हे बघ, इन्सब्रुकला गाडी बदलायची गरजच नाही. सरळ जाणारी आहे. आणि ब्रेनरपर्यंत उजवीकडच्या खिडकीशी बसायचं. दरी सगळी उजवीकडे आहे.”

एक क्षण, फक्त एक क्षण, तिला वाटलं. हे माझ्यासाठी चाललंय. मला पाठवायचंय ह्यांना, सरळ सांगता येत नाही म्हणून... ती खाली बसली. कोणासाठी बघताय, असं तिने हळूच विचारलं.

“कोणासाठी म्हणजे? बघतोय. पुढच्या वर्षी हे सगळं बदलेल, नवीन वेळापत्रक येईल. मग परत काढू आपण.”

आणि पान उलटलं.

तेव्हा तिला कळलं. रागाने नाही, कोड्याचा शेवटचा शब्द सुटावा तसं सहज कळलं. ह्यांनी काही सोडलेलंच नाही. हे जाऊन आलेत. होळीपासून नवरात्रापर्यंत हे रोज जात होते आणि रोज परत येऊन स्वतःच्या गादीवर झोपत होते, आणि तेवढ्यात ह्यांची हौस फिटत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुढे काढल्या, स्वतः नागपूरपलीकडच्या गाडीत कधी बसले नाहीत. व्हिसा आला आणि खरंच बसायची वेळ आली, तेव्हा छातीत धस्स झालं असेल. बर्फाची भीती, भाषेची भीती, जावयाच्या घरात पाहुणा होऊन राहण्याची भीती, आणि जिथे कोणी ओळखतच नाही तिथे नुसता एक म्हातारा असण्याची. नाचता येईना म्हटलं असतं तर चाललं असतं. पण अंगण वाकडं निघालं, आणि अंगणही साधं नाही, साक्षात काशी.

आणि मी त्याला वैराग्य समजून महिनाभर रडले.

दिवे लागले. तिने चिलमबाजाच्या पोटात नवा तुकडा ठेवला. ढुंढिराज देवाशी बसून उठले, वेळापत्रक परत मांडीवर आलं. सात वाजून गेल्यावर फोन वाजला, आणि तो त्यांच्या हाताशी असल्याने त्यांनीच उचलला. हो, हो, प्रकृती उत्तम. इथे पण थंडी आहे. मग ते थोडं हसले.

“तुझ्या आईचं तुला माहीत आहे. मला एकट्याला टाकून ती कुठली येते?”

त्यांनी रिसीव्हर पुढे केला. तोंडावर हात ठेवून म्हणाले, सांग तिला, पुढच्या वर्षी. तेव्हा कुठे त्यांची नजर तिच्यावर गेली, आणि घरात कोट कशाला, असं काहीसं त्यांच्या भुवयांनी विचारलं.

तिने रिसीव्हर कानाला लावला. आधी खरखर, मग माणसांचा गलबला, त्यामागे पितळी वाद्यांचा संथ सूर. आई, बाजारातूनच बोलतेय, बूथवरून, तुला ऐकू यावं म्हणून, देवश्री म्हणत होती, फोनचं कार्ड संपत आलंय, येतेस ना, सांग...

शरदिनीने राग शोधला. रोजच्या जागी तो नव्हता. त्या जागी एक वाक्य होतं, मुलींना पुस्तकं उघडा म्हणून सांगावं तशा साध्या आवाजातलं: तुमची तर सोय झाली आहे. तुम्ही इथे गेलात तर थेट मोक्षच आहे, मग तोंडात पाणी कोणीही घातलं तरी काय बिघडतं... ती घाबरली. असं कोणती बायको म्हणते? पण वाक्य तिथेच होतं, आणि त्याच्या मागे ते वाद्य, आणि त्याच्या मागे उजवीकडची खिडकी.

ढुंढिराजांनी पुस्तक मिटलं होतं. ते तिच्याकडे बघत होते. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते चिकटवून ठेवल्यासारखं झालं होतं. एवढंच म्हणाले असते हे, त्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री, किंवा नंतर कधीही – नको जाऊस, मला भीती वाटते – तर मी राहिले असते. दोन्ही पासपोर्ट गंगेत टाकले असते आणि कधी बोलूनही दाखवलं नसतं. आताही म्हणाले तर राहीन. या वयात, हा कोट अंगात असूनही राहीन, हे तिला ठाऊक होतं.

“आई? आहेस ना?”

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ढुंढिराजांकडे पाठ केली. मागे खुर्ची करकरली. ते उठत होते की काय, घसा साफ करत होते की काय... म्हणू नये आता त्यांनी. देवा, निदान हे कार्ड संपेपर्यंत तरी त्यांनी ते म्हणू नये.