गुणवंताचा कोपरा

रघुनाथराव नुसते घर भाड्याने देत नसत, सोबत अटीही देत. पांढुर्ण्याला त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या, भरघोस मिशा होत्या आणि एक गालिचा होता. तिन्हींत जास्त अभिमान गालिच्याचा. कानपूरच्या एका संत्रा-व्यापाऱ्याने चांगल्या बहाराच्या साली तो भेट दिला होता. रंग लालभडक आणि काठाला हिरवी वेल. पण राहत्या घरात त्याला जागा नव्हती. त्यांच्या बायकोची, अंबाबाईंची, जमीन शेणाने सारवलेली. सारवताना गालिचा उचला, वाळली की पुन्हा टाका, हा उद्योग त्यांनी पहिल्याच आठवड्यात धुडकावून लावला. शिवाय हंगामात बैठकीत संत्र्याच्या पेट्या रचलेल्या. म्हणून अंगणापलीकडे भाड्याने द्यायच्या दोन खोल्या होत्या, तिथल्या समोरच्या खोलीत फरशीवर गालिच्याची स्थापना झाली. भाडेकरूने तो जिवापाड जपायचा आणि मालकांकडे पाहुणे आले की ती खोली त्यांना मोकळी करून द्यायची. शेवटची अट अशी की घरात कुत्रं-मांजर दिसता कामा नये.

सन त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तिथे बिजली ऑफिसातला प्रकाश आणि त्याची नवी नवरी शोभा राहत होती. शोभा सौसरची. लग्नानंतर दुसऱ्यांदा माहेराहून आली तेव्हा तिच्या मांडीवर झाकणाची टोपली होती आणि टोपली बसच्या अख्ख्या प्रवासात गुरगुरत होती.

"हे काय आणलं वं?" प्रकाशने विचारले.

"गुणवंता."

गुणवंता म्हणजे तिचा बोका. नावासारखे गुण येतील या आशेने तिच्या बाबांनी ते नाव ठेवले होते, पण ती आशा फुकट गेली. अंगाने पिवळा, कानाला एक खाच, आणि शोभाशिवाय कुणाच्या हातचे खायचे नाही असा बाणा. ती सासरी आल्यावर त्याने माहेरी अन्न सोडले होते. शोभानेही इकडे अर्धे सोडलेच होते, पण ते तिने कुणाला सांगितले नव्हते.

"काकाजीले समजलं तं सामान रस्त्यावर येईन आपलं," प्रकाश म्हणाला.

"नाही समजत. तो कवेलूवरून येते अन् कवेलूवरून जाते."

ते खरे होते. अंबाबाईंनी त्याला छपरावर पाहिले होते, पण मोकाट समजून चप्पल भिरकावली आणि विषय संपवला. माणसांना फसवणे गुणवंताला सोपे होते. पण बोका तो बोका. नव्या घरी आल्यावर हे राज्य कुणाचे हे त्याला सांगावेसे वाटले, आणि त्याने ते गालिच्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, शेपटी ताठ करून, मनापासून सांगितले. मग रोज सांगू लागला.

तो वास ज्याने घेतला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून पटायचे नाही. प्रकाश नाकाला रुमाल लावून जेवू लागला. तशातच एका सकाळी अंबाबाई अंगणातून ओरडल्या, "शोभा, रविवारी समोरची खोली पाहिजे वं! उषाले पाहाले मोहगावचे पाहुणे येऊन राहिले!"

उषा ही मालकांची एकुलती एक मुलगी. एरवी चांगली बोलणारी, पण पाहुणे आले की बापाच्या धाकाने दगड होऊन बसायची. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही. पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणत आणि कळवत नसत. रघुनाथरावांच्या मिशा त्या काळजीने जरा खाली आल्या होत्या. आता या घरात वासाने पाहुणे उठून गेले तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्रकाशने त्या रात्री जेवताना निकाल दिला. "रविवारपर्यंत वास गेला तं ठीक. नाही तं मी याले जामसांवलीले सोडून येतो. मारुतीच्या देवळापाशी राहीन, प्रसाद खाईन."

"बोका काय नारळ खाते का?"

"भूक लागली का सर्वे खातेत."

शोभाने गुणवंताला पदराखाली घेतले आणि ठरवले की गालिचा हरला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी प्रकाशने ऑफिसात, नाव न घेता, 'एका मित्राच्या गालिच्याची' अडचण सांगितली. सल्ल्यांना काय तोटा! तिथे उंटावरचे शहाणे टेबलागणिक बसलेले. कुणी म्हणाला, खायचा सोडा भुरभुरा. शोभाने भुरभुरला, आणि गालिच्याला फेस आला. कुणी म्हणाला, रिठ्याच्या पाण्याने घासा. तिने हाताची साले निघेपर्यंत घासले, तर हिरव्या वेलीचा रंग लाल भागात उतरला, वास होता तिथेच. कुणी म्हणाला, ऊद जाळा. ऊद जाळल्यावर खोलीत दर्गा आणि बोका असे दोन्ही वास शेजारी-शेजारी नांदू लागले. मग शोभाने स्वतःचे डोके चालवले. अंगणात पेट्या भरताना फुटकी संत्री बाजूला पडत. त्यांच्या साली तिने वाळवल्या, पाट्यावर वाटल्या आणि गालिच्यावर बोटभर थर दिला. संध्याकाळी झाडून पाहिले.

प्रकाशने वाकून हुंगले. बराच वेळ हुंगले.

"कसं वाटते?" शोभाने विचारले.

"संत्रं खाल्लेल्या बोक्यासारखं."

दोघे एकमेकांकडे पाहून इतके हसले की प्रकाशला उचकी लागली. हसता हसता शोभाच्या डोळ्यात पाणी आले आणि ते हसण्याचे राहिले नाही. प्रकाशने ते पाहिले. जामसांवलीचे नाव त्याने त्या रात्री काढले नाही, पण शब्द मागेही घेतला नाही.

शुक्रवार-शनिवारी गालिचा अंगणात खाटेवर टाकून कडक ऊन दिले. "नव्या नवरीले किती काळजी गालिच्याची!" म्हणून अंबाबाईंनी उषाला तिचे उदाहरण दिले. शनिवारी संध्याकाळी वास खरेच गेला. शोभाने गालिच्यावर लोळण घेऊन पाहिली. वास नाही म्हणजे नाहीच! तिने गुणवंताला दुधाची साय दिली.

पण रविवारी पहाटे आभाळ आले. हवा दमट झाली आणि गालिच्यात दबून बसलेला गुणवंता पुन्हा उठला. वास गेला नव्हता, नुसता वाळला होता. शोभा कोपऱ्यापाशी मटकन बसली. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. स्वयंपाकघरात प्रकाश मुकाट्याने टोपलीचे झाकण शोधत होता. तो आवाज तिला ऐकू येत होता.

तेवढ्यात अंबाबाई आत आल्या. न्हालेल्या, हातात तांब्या आणि आंब्याचा डहाळा.

"शुभकार्य हाये, शोभा. खोली शुद्ध केली पाहिजे. आपल्या कपिला गाईचं हाये, आताचं, ताजं."

आणि त्यांनी गोमूत्र शिंपडायला सुरुवात केली. दारात शिंपडले, खिडकीत शिंपडले, गालिच्याच्या चारी बाजूंना शिंपडले. मागच्या सगळ्या पाहुण्यांचे अपयश त्यांच्या मनात होते, त्यामुळे हात सढळ होता. शेवटी तांब्यात उरले ते त्यांनी डोळे मिटून, देवाचे नाव घेऊन, खिडकीकडच्या कोपऱ्यात ओतले. नेमका तोच कोपरा!

शोभा तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. "अहो! अहो, झाकण ठेवा खाली! काकूनं गोमूत्र ओतलं!"

"कुठं?"

"त्याच्यावरच!"

प्रकाशला क्षणभर कळेना, आणि कळले तेव्हा तो भिंतीला धरून खाली बसला. आता कोण म्हणणार बोक्याचा वास? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ज्या वासाची लाज वाटत होती त्याला घरमालकिणीने स्वतःच्या हाताने पवित्र करून ठेवले होते. तरी खबरदारी म्हणून गुणवंताला संत्र्याच्या रिकाम्या पेटीत तणसावर बसवले, वर पाटा ठेवला आणि शोभा पोह्यांना लागली.

पाहुणे आले. मुलगा श्रावण मोहगावच्या शाळेत मास्तर, पांढरीशुभ्र टेरिकॉटची पँट घालून आलेला. सोबत त्याची आई चंद्रकलाबाई, नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. त्या आल्या आणि दारातच नाक वर केले.

"गोमूत्र शिंपडलं वाटते," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"सकाळीच," अंबाबाई म्हणाल्या.

"अस्सं पाहिजे! आजकाल कोण करते, बाप्पा?" असे म्हणून चंद्रकलाबाई थेट कोपऱ्याशी गेल्या, ओल्या गालिच्यावर बोट टेकवले आणि कपाळाला लावले. दाराआड प्रकाश स्वतःचा हात चावत होता.

उषा आली, बसली आणि नेहमीप्रमाणे दगड झाली. श्रावण खिडकीशी बसला होता. त्याने काय शिकली, काय आवडते, असे विचारले. उत्तरे रघुनाथराव देत होते. श्रावणने एकदा घड्याळ पाहिले. अंबाबाईंचा चेहरा उतरू लागला.

आता शोभाने पोह्यांच्या बश्या ताटात लावल्या. पण त्या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सकाळपासून गुणवंताच्या नाकात एक वास घुमत होता, आणि तो त्याचा नव्हता. त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी दुसऱ्याने, आणि तेही इतक्या मोठ्या प्रमाणात, हक्क सांगितला होता. हे कोणता स्वाभिमानी बोका सहन करेल? पेटीची एक फळी आधीच सैल होती. शोभा ताट घेऊन दारात पोचली आणि तिच्या पायांमधून तो पिवळा गोळा निघून गेला. तिचे दोन्ही हात ताटात अडकलेले.

गुणवंता सगळ्यांसमोरून शांतपणे चालत कोपऱ्यात गेला. त्याने हुंगले. त्याला प्रचंड राग आला. त्याने पाहुण्यांकडे पाठ केली, शेपटी ताठ उभी केली, ती थरथरवली, आणि गालिचा, भिंत व श्रावण मास्तरांची पँट यांवर आपला हक्क पुन्हा एकदा नोंदवला.



"कोणाचा बोका हाये हा?" रघुनाथराव कडाडले.

"मोकाट हाये मेला!" अंबाबाई उठल्या. "पोत्यात घाला अन् जाम नदीच्या पलीकडं नेऊन टाका!"

सुटकेची वाट तयार होती. शोभाने गप्प राहायचे, बस्स. घर राहिले असते, मान राहिला असता. प्रकाश दाराआडून तिला हातवारे करत होता. गुणवंता मात्र काम आटोपून तिच्याकडेच पाहत होता, शाबासकीच्या अपेक्षेने.

"माझा हाये," शोभा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच केवढा मोठा वाटला. "सौसरून आणला, काकाजी. मोकाट नाही. मले माफ करा, पण त्याले पोत्यात नका घालू. अन् गालिच्याचा वास बी त्याचाच हाये. गोमूत्राच्या आधीपासूनचा."

चंद्रकलाबाईंनी सावकाश आपले बोट डोळ्यांसमोर आणले. मग कपाळाला हात लावला.

आणि तेव्हा एक विचित्र आवाज झाला. तो दगडातून आला होता. उषाने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो नाकातून फुटला, मग तोंडातून, आणि मग ती डोक्यावरचा पदर सावरायचे विसरून पोट धरून हसू लागली. श्रावणने आपल्या पँटकडे पाहिले, आईच्या कपाळाकडे पाहिले आणि तोही सुरू झाला. दोघांना एकमेकांकडे पाहिले की पुन्हा येत होते.

"तुम्हाले मांजर आवडते?" त्याने कसेबसे विचारले.

"लय आवडते! बाबा पाळू देत नाही!" उषा म्हणाली. पाहुण्यांसमोर ती आजवर एवढे कधी बोलली नव्हती.

चंद्रकलाबाई कपाळ धुवायला न्हाणीत गेल्या. तिथून त्यांच्याही हसण्याचा आवाज आला तेव्हा अंबाबाई आधी रडल्या आणि मग हसल्या. पाहुण्यांनी या वेळी 'कळवतो' म्हटले नाही. लग्नाचा महिनाच विचारला.

संध्याकाळी शोभा भांडी पोत्यात भरत होती. प्रकाश चिडला नव्हता, तोही सतरंजी गुंडाळत होता. "खोली पाहू दुसरी," तो म्हणाला. "टोपली मी घेतो." तेवढ्यात दारात रघुनाथराव उभे राहिले. आत आले, गालिच्यावर बसले. अगदी कोपऱ्याजवळ.

"गप्प राहिली असतीस तं घर वाचलं असतं तुमचं. मालूम होतं ना?"

"हो, काकाजी. पण तो नसता वाचला."

रघुनाथरावांनी गालिच्यावरून हात फिरवला. गुणवंता पोत्यावर बसून त्यांच्या मिशा पाहत होता.

"पोट्टी किती दिवसानं हसली," ते म्हणाले. "मी बाप, अन् मलेच आठवत नव्हतं ती कशी हसते ते." मग उठले, धोतर झटकले. "भांडे काढा पोत्यातून. अन् ऐक शोभा, हा वास आता काढू नको. उषा मोहगावले गेली का मी इथं येऊन बसत जाईन."

ते गेल्यावर शोभाने दार लावून घेतले आणि गुणवंताला उचलून असे घट्ट धरले की तो ओरडला.

"काढू नको म्हणे!" प्रकाश सतरंजीवर आडवा होऊन हसत होता. "अवं, तो निघून कुठं राहिला होता!"