तळापर्यंत पायऱ्या किती?

प्रमोदिनीबाईंनी एकतिसावं कार्ड बाकीच्या तिसांवर ठेवलं, गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि पुन्हा मोजायला घेतला. मोजून काही फरक पडणार नव्हता. पहाटे पाचला कल्याणहून बत्तीस सायकली सुटल्या होत्या, एकतीस परत आल्या होत्या, आणि तीनची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती.

मंगल कार्यालयाच्या आवारात आलेली मंडळी पोह्यांवर तुटून पडली होती. दीडशे किलोमीटर सायकल मारून आलेला माणूस दोन गोष्टी केल्याशिवाय राहत नाही. एक म्हणजे खातो, आणि दुसरी, बारवीच्या चढावर आपण कुणाला मागे टाकलं ते सांगतो. मागे पडलेला शेजारीच खात असतो, आणि त्याचं म्हणणं असं की त्याची चेन उतरली होती.

फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत भीमाबाई बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. कळव्याहून त्या बारालाच आल्या होत्या. रत्नदीपनं सांगितलं होतं, "आई, एकदा तरी बघ मला पहिला येताना." पहिली सायकल आत आली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. दुसरीला राहिल्या. पुढेपुढे नुसत्या अर्ध्या उठत आणि बसत. एकतिसाव्या सायकलीनंतर त्या उठल्या त्या सरळ टेबलाशी आल्या.

"बाई, त्याला शेवटचं कुणी बघितलं?"

प्रश्न साधा होता, आणि उत्तर कार्डांत असायला हवं होतं. प्रमोदिनीबाईंनी डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर भाच्यानं, विनीतनं, सायकलचा क्लब काढला तेव्हा प्रश्न काढायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. दर वळणावर माणूस बसवायला क्लबकडे माणसं नव्हती. म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर पाच प्रश्न छापलेले असत. अमक्या पाड्याच्या एसटी थांब्यावर कुठला रंग आहे, तमक्या देवळाला घंटा किती. तिथे गेल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही, आणि उत्तराशिवाय बाई सही करायच्या नाहीत. मधल्या वाटेनं पळणारे असे चौघे त्यांनी आजवर पकडले होते. चौघांची नावं त्यांना तारखेनिशी पाठ होती.

पाचवं नाव त्यांच्या मनात जानेवारीपासून होतं. रत्नदीप जानेवारीत सगळ्यांच्या चाळीस मिनिटं आधी आला होता, तोही तीन जणांनी वापरून टाकलेल्या सायकलवर. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळ-संध्याकाळ नमुने गोळा करणारा पोरगा, सराव करतो कधी? कुणीतरी म्हणालं, टेम्पोत टाकून आणली असेल. म्हणणारा हसला होता, बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यात टिपून ठेवलं आणि मेमध्ये मार्ग बघायला गेल्या तेव्हा मुरबाडच्या पुढे, डोंगराखालच्या तळ्यावर, असा प्रश्न काढला की टेम्पोवाल्याची फजितीच व्हावी. प्रश्न चौथा: कमानीपासून तळापर्यंत घाटाच्या पायऱ्या किती? तळं तेव्हा कोरडं होतं. बाई स्वतः उतरल्या होत्या. तेवीस. विनीतनं वहीत लिहून घेतलं होतं.

मग उन्हापायी राइड दिवाळीनंतरवर गेली. तारीख बदलली, प्रश्न तेच राहिले.

बाईंनी आता गठ्ठा उलगडला आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवत गेल्या. तेवीस. तेवीस. तेवीस. कुणी अक्षरी, कुणी आकडी. एकतीसच्या एकतीस. चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला वर्गातली सगळी उत्तरं बरोबर बघून आनंद होत नाही.

"श्रीपाद, जरा इकडे ये. तळ्यात पाणी कुठवर होतं रे?"

"तुडुंब, मॅडम! अहो, रस्त्यावरून काय दिसत होतं. फोटो दाखवतो ना."

श्रीपाद दातांचे डॉक्टर, क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी हौसेनं फोन पुढे केला. डोंगर, आकाश, दगडी कमान, कमानीखाली काही पायऱ्या, आणि मग नुसतं पाणी. बाईंनी फोटो मोठा केला. पायऱ्या नऊ होत्या.

"आणि तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय तेवीस."

श्रीपादांनी फोन हळूच खिशात घातला आणि विनीतकडे बघितलं. विनीत पोह्यांची ताटली ठेवून तिथे आला होता.

"मावशी, मी एकालाच सांगितलेलं. त्यानं ग्रुपवर टाकलं." तो थांबला. "रत्नदीप नाहीये त्या ग्रुपवर."

बाईंचा हात कार्डांवर तसाच राहिला. एकतीस जण रस्त्यावरून फोटो काढून निघून गेले होते. म्हणजे तळ्यापाशी त्याला कुणी बघितलं असणं शक्यच नव्हतं. आणि ज्याला उत्तर कुणी दिलं नव्हतं तो एकटा, छापील अक्षरं वाचून, तळापर्यंत मोजायला उतरला असणार.

"त्याला पोहता येतं?"

"खाडीला लागून घर आमचं," भीमाबाई म्हणाल्या, "तरी नाही येत. मीच कधी पाण्याकडे जाऊ दिलं नाही."

विनीतनं गाडी काढली. रायत्याचा पूल ओलांडेपर्यंत तो रत्नदीपचा नंबर लावत राहिला. दर वेळी फोनमधली तीच बाई तेच सांगायची, मराठीत, मग हिंदीत. मुरबाडनंतर त्याच्याच फोनची रेंज गेली, तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं असावं. श्रीपाद कल्याणलाच थांबले होते, दवाखान्यांना फोन करत.

मागच्या सीटवर दोघी बायका. मधे डबा.

"जानेवारीत तुमचा विश्वास नव्हता ना बसला त्याच्यावर?" भीमाबाईंनी खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"तसं नाही..."

"तो बोलला घरी. म्हणाला, या वेळी मॅडमनी कडक प्रश्न काढलेत. एक पण सोडणार नाही. आणि बाई, रागानं नाही बोलला. खूश होता. म्हणाला, बरं झालं, आता कुणी काही म्हणणार नाही."

प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाताची कापणी झालेली खाचरं मागे पळत होती. पहाटे हाच रस्ता सुंदर दिसेल, असं त्यांनीच मार्गाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं.

कमानीला आतून, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला, सायकल टेकून उभी होती. पुढच्या चाकाला दगड लावलेला, घसरू नये म्हणून. शेजारी बूट, जोडीनं, मोजे आत नीट खोचलेले. सायकलचे ते बूट दगडावर सटकतात. पोरगा विचार करून उतरला होता.

भीमाबाई खाली बसल्या, पहिल्याच पायरीवर, आणि बूट ओढून मांडीवर घेतले. विनीत पाण्याच्या कडेकडेनं "रत्न्या! ए रत्न्या!" करत पळत सुटला. समोरच्या डोंगरानं हाक परत पाठवली.

बाई उतरू लागल्या. मोजायचं नव्हतं, पण पायांना दुसरं काही येत नव्हतं. सात, आठ, नऊ. दहावी पाण्याखाली हिरवी दिसत होती. त्यांनी तिच्यावर पाय ठेवला. अकरावीवर चप्पल निघून गेली आणि तरंगत लांब गेली. पाणी गुडघ्याला लागलं. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसता शेवाळाचा काळोख. त्या वाकल्या आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपडू लागल्या, जणू पोरगा पुढच्याच पायरीवर बसलेला असेल.

"ओ बाई! मराचंय का तुम्हाला पन?"

वर कमानीत एक बाई उभी होती, डोक्यावर गवताचा भारा.

"सकाळधरनं दुसरं मानूस हे. या वर. त्यो सायकलवाला ना? त्यो आमच्या वट्यावर हाय."

भीमाबाई वळल्या. "जित्ता?"

"जित्ता म्हंजे? दोनदा च्या पिला. पाय मोडलाय. आमच्या मालकानं बांबू टाकून वढला त्याला. फोन ग्येला पान्यात. पाड्यावर कुनाला रेंज नाय, पाचची जीप येईल म्हनून ठेवलाय."

पाडा हाकेच्या अंतरावर होता, टेपाडाआड. तेवढं अंतर भीमाबाई कशा गेल्या ते प्रमोदिनीबाईंना दिसलंच नाही. त्या एका चपलेनं पोचल्या तोवर माय पोराच्या पायाशी बसली होती. दोन्ही पावलं तिनं ओंजळीत धरली होती, बांबूच्या कामट्या बांधलेलं एक आणि धड एक. ती रडत नव्हती. नुसती पावलं पुसत होती, कोरडी होती तरी.

रत्नदीपचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता. बाईंना बघताच तो कोपरांवर उठायला गेला.

"सॉरी मॅडम. टाइम संपला ना?"

"पडून राहा. विनीत गाडी आणतोय."

"चौदापर्यंत गेलेलो मी. खरंच. पाणी छातीला लागलेलं, तरी पायानं मोजत गेलो. पंधरावीला घसरलो." त्यानं खिशातून कार्ड काढलं. भिजून त्याचा लगदा झाला होता. "चौदाच लिहा. पुढचं मोजलेलं नाही, खोटं नको."

बाईंनी लगदा हातात घेतला. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत एकतीस कार्डं होती, कोरडी, कडा सारख्या केलेली. अंगणात गाडी येऊन थांबली. विनीत दार उघडून उतरला आणि तिथेच उभा राहिला.

रत्नदीपनं त्याच्याकडे बघून हात केला, मग पुन्हा बाईंकडे वळला. त्याच्या डोळ्यांत कुठेही टोमणा नव्हता. वर्गात गणित न सुटलेल्या पोरासारखा तो बघत होता.

"मॅडम, एवढ्या पाण्यात बाकीच्यांनी कसं मोजलं?"

प्रमोदिनीबाईंचा हात खांद्याच्या पिशवीवर गेला. गवताचा भारा उतरवत ती बाई थांबली.

भीमाबाईंनी पावलं पुसणं थांबवलं नाही. मानही वर केली नाही.

"सांगा ना बाई," त्या म्हणाल्या. "पोरगं विचारतंय."